'हेझेक रेईया'ला मराठी शब्द सुचवा

कडीकोयंडा: ज्यू धर्मशास्त्रावरचा एक लेख मराठीत करतोय, एका शब्दावर घोडं अडलंय. मिश्ना या ज्यूंच्या जुन्या नियमसंग्रहातल्या 'बावा बात्रा' भागात नियम आहे: चौक सामाईक असेल तर कुणाच्या दारासमोर दार नि खिडकीसमोर खिडकी काढू नये. घरातलं शेजाऱ्याला दिसत राहणं हीच इजा, 'हेझेक रेईया'. मी 'दृष्टिबाधा' लिहिलं, संपादकांनी 'खाजगीपणाचा भंग' केलं. पण भंग करायला कुणी डोकवावं लागतं. इथे कुणी डोकावलं नाही तरी खिडकी नडते.

मोगरी: दृष्टिबाधा वाचून मी मीठमोहऱ्याच काढायला निघाले होते.

जुनापुराणा: वास्तुशास्त्रात 'द्वारवेध' आहे की.

कडीकोयंडा: तो घरधन्याला बाधतो, इथे काळजी शेजाऱ्याची. तल्मूद, म्हणजे मिश्नावरची चर्चा असलेला ग्रंथ, बायबलातल्या बलाम या परक्या द्रष्ट्याचा दाखला देतो. इस्राएलांचे तंबू त्याने वाखाणले, कारण एकाचंही दार दुसऱ्याच्या दारासमोर नव्हतं.

शुद्धमती: आधी 'खाजगी' सुधारा. मूळ 'खास', म्हणून 'खासगी'. होळकरांची खासगी ऐकली नाहीत?

टपरीवाला: बोलताना निम्मा महाराष्ट्र खाजगीच म्हणतो. आणि होळकरांची खासगी म्हणजे त्यांची स्वतःची मिळकत. तिथे प्रश्न मालकीचा, कोण बघतंय याचा नाही. 'आडोसा' घ्या. 'आडोसा मोडणे'.

शुद्धमती: आडोसा न्हाणीला. धर्मशास्त्राला नाही.

मोगरी: का? धर्मशास्त्र अंघोळ करत नाही?

रेवदंडेकर: शेजाऱ्याची खिडकी सांभाळणारा हाच धर्म, पण 1962 साली इस्राएलच्या मुख्य रब्बीमंडळाने, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या मंडळाने, फर्मान काढलं की ज्यूपणाची खात्री करायला बेने इस्राएल ज्यू वधूवरांच्या आईकडच्या पिढ्या जमेल तितक्या मागे तपासा. आपल्या कोकणातून गेलेली माणसं ही, पेणकर, किहीमकर. मोर्चे निघाले, तेव्हा कुठे 1964 साली त्यातून बेने इस्राएलांचं नाव निघालं. आजीपणजी उकरण्याला कुठला शब्द?

जुनापुराणा: उखाळ्यापाखाळ्या.

शुद्धमती: चूक. उखाळ्यापाखाळ्या भांडणात काढतात.

रेवदंडेकर: मग ते काय होतं? बाकी हे लोक सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, मशीद म्हणत. मुंबईत मांडवीतली 1796 ची ती 'जुनी मशीद'. मशीद बंदर त्यावरूनच.

टपरीवाला: काहीही. त्या भागात खऱ्या मशिदी काय कमी आहेत?

रेवदंडेकर: खरी-खोटी कुणी ठरवायची?

कडीकोयंडा: अहो, माझी खिडकी?

शुद्धमती: 'मस्जिद' लिहा, मूळ अरबी आहे.