सिम्बलचे छिद्र आणि स्टँडवरची नळी
प्रवासात ड्रमसाठी कडक केस आणि सिम्बलसाठी (ड्रमसेटमधल्या धातूच्या झांजांसाठी) जाड पिशव्या वापराव्यात, असे म्हटले जाते; त्याच्याशी मी सहमत आहे. मात्र माझ्या पाहण्यात सिम्बलचे नुकसान प्रवासापेक्षा स्टँडवरच अधिक होते. स्टँडच्या दांड्यावरची प्लास्टिकची नळी झिजली किंवा हरवली की सिम्बलचे मधले छिद्र थेट धातूवर घासते, हळूहळू लांबट होते आणि पुढे तिथूनच तडा जाऊ शकतो. छिद्राच्या कडेवरून बोट फिरवले की पडलेली खाच चटकन जाणवते. सिम्बल स्टँडवर धरून ठेवणारा विंगनट (हाताने फिरवायचा पंखांचा नट) इतका आवळू नये की सिम्बलला झुलायला जागाच उरणार नाही. जादा नळ्या, फेल्टचे वॉशर, ड्रम-की (ड्रम सुरात लावायची किल्ली) आणि हाय-हॅटचा (पायाने वाजवायच्या जोड-सिम्बलचा) एक क्लच, म्हणजे वरचे सिम्बल दांड्याला धरून ठेवणारा भाग, लहान डबीत घालून ती डबी स्टिकच्या पिशवीतच ठेवावी, कारण ऐन वेळी नेमक्या याच वस्तू सापडत नाहीत.

गाडीत स्टँडची जड पिशवी तळाशी असावी, ड्रमवर कधीही नाही. थंड गाडीतून उबदार सभागृहात आणलेले ड्रम मात्र लगेच सुरात लावू नयेत. ड्रमवर ताणलेली प्लास्टिकची फिल्म आणि ड्रमचे लाकूड खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबले नाही, तर तेच काम पुन्हा करावे लागते.