बांबूचं कापड म्हणजे बहुतेक व्हिस्कोसच

बांबूला फवारणी लागत नाही, पाणीही कमी लागतं, म्हणून त्याचं कापड सुतीपेक्षा सरस, असं बरेचदा सांगितलं जातं. झाडापुरतं ठीक आहे, पण झाड आणि सदरा यांच्यामध्ये एक अख्खा रसायनांचा कारखाना आहे! बांबूचा धागा नुसता कुजवून-ठेचून काढला तर तो तागासारखा खरखरीत निघतो. ते मऊसूत ‘बांबू’ कापड बहुतेक वेळा व्हिस्कोस, म्हणजे रेयॉनचाच एक प्रकार असतं: बांबूचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, त्यावर कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करून विरघळवायचा आणि बारीक छिद्रांतून आम्लात सोडून धागा करायचा. यातलं डायसल्फाइड कामगारांच्या मज्जासंस्थेला घातक असतं. अमेरिकेत २०२२ साली फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने दोन बड्या दुकानसाखळ्यांवर कारवाई केली, ती रेयॉनला ‘बांबू’ म्हणून विकल्याबद्दलच.

तोच लगदा लायोसेल नावाच्या दुसऱ्या पद्धतीने वापरला तर गोष्ट बदलते. तिथे लगदा विरघळवणारा द्रावक बंद चक्रात फिरतो आणि ९९ टक्क्यांच्या आसपास परत मिळतो. त्यामुळे लेबलवर मी झाडाचं नाव सोडून आधी ‘व्हिस्कोस’ की ‘लायोसेल’ ते बघते. दोन्ही शब्द नसतील तर सरळ विचारते. बरेचदा विक्रेत्यालाच माहीत नसतं.