अनुभव धागा : गिरणगावातून कोण वर आले आणि कोणाच्या खर्चाने?

आवाहन

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. त्या घरांतली पुढची पिढी आज बँकांत, शाळांत, संगणक कंपन्यांत दिसते. 'कष्टाने वर आले' एवढ्यावर ही हकीकत संपवू नये, अशी विनंती आहे. घरातले कोण शिकले, त्यासाठी कोणाचे शिक्षण थांबले आणि राहती जागा कोणाकडे गेली, ते लिहावे. गिरणीचे व माणसांचे नाव टाळावे.

लोअर परळ

माझे वडील गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामात होते. संपाचे पहिले काही महिने गावाहून तांदूळ येत असे. पुढे गावालाच तो पुरेनासा झाला. आईने खोलीतच गाववाल्यांची खानावळ सुरू केली आणि थोरल्या भावाने नववीनंतर शाळा सोडून मस्जिद बंदरच्या एका गोदामात हमाली धरली. माझी फी त्याच्या मजुरीतून गेली. मी पदवीनंतर स्पर्धा परीक्षा देऊन बँकेत लागले; त्याच्या हाताखालून कितीतरी पोती गेली, पण पगाराचा कागद त्याला कधी मिळाला नाही.

म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेच्या २०१२ च्या गिरणी कामगारांसाठीच्या सोडतीत दिवंगत वडिलांच्या नावाने घर लागले : २२५ चौरस फूट, किंमत साडेसात लाख रुपये. भावाला कर्ज मिळेना, कारण उत्पन्नाचा पुरावा नाही. मी माझ्या नोकरीवर कर्ज काढले, हप्ते आम्ही वाटून घेतले आणि त्या घरावरचे हक्कसोडपत्र मी त्याला करून दिले. सासरी यावर बरीच बोलणी झाली. नातेवाईक याला औदार्य म्हणतात, ते मला मान्य नाही. नववीत सोडलेल्या शाळेची किंमत साडेसात लाखांहून कमी कशी धरावी, हे मला कोणी सांगितलेले नाही.

नायगाव

वर साचेखात्याचा उल्लेख आला म्हणून लिहितो. विणकामाचे ते खाते जास्त पगाराचे होते आणि माझ्या आजोबांना तिथे प्रवेशच नव्हता. धोट्यात (मागावर आडवे सूत नेणाऱ्या साधनात) सुताची नवी कांडी घालताना सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा सवर्ण कामगार हाती घेणार नाही, हे कारण उघडपणे सांगितले जाई. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न मांडला होता. तरीही आजोबा अखेरपर्यंत कताईतच राहिले.

त्यामुळे वडिलांना गिरणीची ओढ अशी नव्हतीच. रात्रशाळेतून मॅट्रिक होऊन ते राखीव जागेवर रेल्वेत कारकून झाले. संपाच्या काळात आमच्या मजल्यावर ज्या थोड्या घरांत महिन्याचा पगार येत राहिला, त्यांत आमचे घर होते, आणि उसने मागायला येणाऱ्यांत साच्यातली माणसेही होती. याला नियतीचा न्याय वगैरे कृपया कोणी म्हणू नये. कापसाच्या धुळीने आजोबांची छाती गेली होती. आत्याची शाळा चौथीत सुटली, कारण आजी पहाटे कामाला जाई आणि घरचे पाणी, स्वयंपाक, आजोबांचा गिरणीतला डबा हे सारे आत्यावर आले. आरक्षणामुळे आमचे घर सावरले, हे मी कुठेही सांगतो. आत्याचे नाव मात्र त्या हकिकतीत वडिलांनी कधी घेतले नाही, म्हणून ते काम माझ्याकडे आले आहे.

नालासोपारा

आमची काळाचौकीची पागडीची खोली विकून दोघा भावांनी इथे सदनिका घेतल्या. कागदोपत्री आम्ही भाडेकरू होतो ते मालक झालो. केईएम रुग्णालय पूर्वी चालत जाण्याच्या अंतरावर होते. आता आईच्या तपासणीच्या दिवशी दोघांपैकी एकाचा रोज बुडतो.

वरळी, बीडीडी चाळ

या सरकारी चाळींच्या पुनर्विकासात ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांचा ताबा दिला गेला, त्यांत आमचे घर होते. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फूट, तेही मालकीचे आणि विनामूल्य. मी अभियंता आहे, पण माझ्या पगारात वरळीत घर घेणे या जन्मी जमले नसते. ते आजोबांच्या नावाच्या भाडेपावतीने मिळाले.

आमच्या मजल्यावर एक कुटुंब कित्येक वर्षे पोटभाड्याने राहत होते. त्यांचा मुलगा आणि मी एकाच वर्गात होतो, आणि गणितात तो माझ्यापेक्षा सरस होता. पात्रतेची छाननी सुरू होताच मूळ भाडेकरू गावाहून हजर झाला. रीतसर कागद त्याच्याकडे होते, त्यामुळे घर त्याला मिळाले आणि हे कुटुंब कळव्याला भाड्याने गेले. आज आम्हा दोघांच्या पगारात फारसा फरक नाही. त्याचा तिसरा हिस्सा घरभाड्यात जातो आणि माझा मुलीच्या शाळेत.