फोटोंसाठी नॅस: तयार आणावा की घरी जुळवावा?

बी-१०२: नमस्कार मंडळी. विषय सोसायटीचा नाही, पण इथे कॉम्प्युटरवाले बरेच आहेत म्हणून विचारतो. गूगलची जागा भरली, रोज मेल येतोय. घरात तीन एक्स्टर्नल हार्ड डिस्क आहेत, त्यातली जुनी टकटक करते. सगळं मिळून दीड टीबी. मुलांची लग्नं, नातीचे व्हिडिओ, हिच्या गाण्याची रेकॉर्डिंग. अमेरिकेतून चिरंजीव म्हणतात, बाबा, सिनॉलॉजी कंपनीचा नॅस घ्या, म्हणजे घरच्या राउटरला जोडायचा डिस्कचा डबा. पुतण्या म्हणतो, काका, निम्म्या पैशात मी जुळवून देतो. कोणाचं ऐकू?

सी-७०१: काका, आधी ती टकटक करणारी डिस्क काढून ठेवा. सारखी लावून बघू नका. एकदाच लावायची, जे दुसरीकडे कुठेच नाही ते आधी कॉपी करायचं.

बी-१०२: आत्ताच लावली होती.

सी-७०१: काका 🙏

ए-३०४: पुतण्याचं ऐका. मी इंटेलच्या एन१०० या कमी वीज खाणाऱ्या प्रोसेसरचा छोटा बोर्ड घेऊन जुळवलाय. नॅस चालवायचं सॉफ्टवेअर ट्रूनॅस फुकट, झेडएफएस फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली ठेवायची पक्की पद्धत) मिळते, वर इमिच हे फोटोंचं अ‍ॅप टाकलं की फोनमधले फोटो आपोआप घरी येतात. चेहऱ्यावरून शोधतासुद्धा येतं. तयार डब्यात त्याच पैशात काय मिळतं? सिनॉलॉजीच्या दोन डिस्कच्या डीएस२२३ मध्ये २ जीबी रॅम, तीही वाढवता येत नाही. शिवाय कंपनीची मर्जी. २०२५ मध्ये सिनॉलॉजीने नव्या प्लस मॉडेलना स्वतःच्याच डिस्क लागतील असं करून टाकलं होतं. ग्राहक भडकले तेव्हा ऑक्टोबरात माघार घेतली.

सी-७०१: घेतली ना माघार. आणि 'निम्म्या पैशात' हा हिशोब फक्त डब्याचा आहे. डिस्क दोन्हीकडे त्याच आणि तेवढ्याच लागणार. पुतण्या घरातला जुना डेस्कटॉप वापरणार असेल तर विजेचंही बघा. तो ६०-७० वॅट खात बसेल, म्हणजे महिन्याला ५० युनिटच्या आसपास. दोन डिस्कचा तयार डबा २० वॅट धरला तर १४-१५ युनिट. महावितरणचा वरचा स्लॅब लागला की बचत बिलातच गेली.

ए-३०४: जुना डेस्कटॉप कोण म्हणतंय? एन१०० म्हटलं मी. तो डब्याइतकंच खातो.

डी-६०२: मी बोलू का? आमच्याकडे ह्यांनी हौसेने जुळवलेला आहे. हे असेपर्यंत छान चालतो. हे बेंगळुरूला ऑफिसच्या कामाला गेले आणि लाइट जाऊन आली. त्यानंतर टीव्हीवर फोटो दिसेनात, फोनचं बॅकअप बंद, आणि मी व्हिडिओ कॉलवर काळ्या पडद्यावरची इंग्रजी अक्षरं ह्यांना वाचून दाखवतेय. तासभर. कुकर गॅसवर. काका, तुमचा पुतण्या राहतो कुठे?

बी-१०२: नाशिकला.

डी-६०२: मग झालं.

ए-३०४: 😄 वहिनी, हा मुद्दा मान्य.

सेक्रेटरी: काका, गेटच्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर बदलला तेव्हाची डिस्क ऑफिसात पडून आहे. कमिटीची हरकत नसेल तर घेऊन जा.

सी-७०१: साहेब, नका देऊ. ती जांभळ्या लेबलची आहे. कॅमेऱ्याचं सलग रेकॉर्डिंग लिहिण्यासाठी असते, आणि वर्षानुवर्षं रात्रंदिवस फिरलेली आहे. नॅससाठी सीगेटची आयर्नवुल्फ किंवा डब्ल्यूडीची रेड प्लस डिस्क घ्या. साधी 'रेड' नको, 'रेड प्लस'च. २०२० मध्ये बोभाटा झाला होता की साध्या रेडमध्ये एसएमआर तंत्र घातलंय आणि डिस्कच्या खोक्यावर तसं लिहिलेलं नाही. एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात, त्यामुळे एक डिस्क गेल्यावर नवीवर सगळं परत भरताना जीव जातो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला घेतलीत तर दुकानातच उभं राहून सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाका आणि वॉरंटी बघा. जुन्या डिस्क नव्या म्हणून विकल्या जातात.

बी-१०२: दोन डिस्क म्हणजे दोन्हीत तेच? मग एक गेली तरी दुसरी आहे. बॅकअप झालाच ना?

सी-७०१: नाही काका, इथेच सगळे फसतात. दोन डिस्कचा आरसा फक्त डिस्क बिघडण्यापासून वाचवतो. नातीने फोल्डर डिलीट केला की दोन्हीकडून त्याच क्षणी गेला. वीज पडली, चोरी झाली, वरच्या मजल्याचा पाइप फुटला तर डबाच गेला. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने इंटरनेटवर उघडे ठेवलेले क्यूनॅप कंपनीचे नॅस डबे थेट लॉक केले आणि प्रत्येकाकडे ०.०३ बिटकॉइन मागितले. आरसा होता त्यांचेही गेले. तुमच्या जुन्या तीनपैकी धड असलेल्या दोन डिस्क फेकू नका. त्यांच्यावर महिन्यातून एकदा कॉपी करायची आणि एक घराबाहेर ठेवायची.

ए-३०४: हे मात्र शंभर टक्के. आणि राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडून देऊ नका. तसंही इथल्या बऱ्याच ब्रॉडबँडवर सीजीनॅट असतं, म्हणजे अनेक घरांना मिळून एकच पत्ता, स्वतःचा पब्लिक पत्ता मिळतच नाही. टेलस्केल टाका, ते आपली उपकरणं बाहेरून सुरक्षित जोडतं. घरगुती वापराला फुकट आहे, चिरंजीवांना अमेरिकेतून फोटो दिसतील. आणि डबा घेताना स्वस्तातला, नावाच्या शेवटी 'जे' असलेला नको, साधा डीएस२२३ घ्या. त्यात बीटीआरएफएस फाइलसिस्टिम असल्याने स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या वेळच्या अवस्थेची नोंद, मिळतात. नातीने डिलीट केलं तरी कालची अवस्था परत आणता येते.

सी-३०२: टँकर आला का कोणी बघितलं?

सेक्रेटरी: आला, सोडतोय. काकांचं चालू दे.

बी-१०२: इन्व्हर्टर आहे. वेगळा यूपीएस लागेल का?

सी-७०१: इन्व्हर्टर वीज देतो, पण बॅटरी संपत आल्याचं नॅसला सांगत नाही. यूएसबी केबल असलेला छोटा यूपीएस घ्या. तो इशारा देतो, आणि नॅस लिहायचं काम संपवून स्वतः बंद होतो. मधेच वीज गेली तर फाइली अर्धवट राहतात. वहिनींचा काळा पडदा बहुतेक त्यातलाच.

डी-६०२: ह्यांना आत्ताच फॉरवर्ड केलं.

बी-१०२: ठरलं. तयार डबा, चार-चार टीबीच्या दोन रेड प्लस, छोटा यूपीएस. पुतण्याला वाईट वाटेल.

ए-३०४: त्याला घराबाहेरच्या डिस्कचं काम द्या. दिवाळीला येईल तेव्हा इकडची तिकडे घेऊन जाईल. आणि चार टीबी घेतल्यावर ३.६ च दिसेल, दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराने मोजते, कॉम्प्युटर १०२४ ने.

सी-७०१: राउटर कुठे आहे तुमचा? नॅस केबलने त्यालाच जोडायचा, वायफायवर नाही. आणि डिस्क रात्री घरघरतात, बेडरूममध्ये नको.

बी-१०२: राउटर देवघराच्या वर आहे. हिला विचारतो.

बी-१०२: नाही म्हणाली. केबल किती लांब चालते?

सी-७०१: १०० मीटरपर्यंत. बूटांच्या रॅकपर्यंत आरामात जाईल.