बेल्जिकाला वेढा नव्हे, सुलतानढवा

बांदा नेरा या आजच्या इंडोनेशियातल्या बेटावरच्या, तेव्हा डचांच्या ताब्यातल्या बेल्जिका किल्ल्याला इंग्रजांनी १८१० मध्ये ‘वेढा’ घातला असं कुणीतरी लिहिलंय. तो वेढा नव्हताच, तो सुलतानढवा म्हणजे थेट चढवलेला हल्ला होता. ९ ऑगस्टच्या पहाटे कॅप्टन कोल दोनशेहून कमी माणसं घेऊन चढला. वादळामुळे बाकीच्या होड्या पोचल्याच नाहीत. आधी किनाऱ्यावरचा तोफखाना गोळी न झाडता घेतला, मग तट चढायच्या शिड्या वर किल्ल्याकडे नेल्या. पावसाने डचांची रंजक (तोफेला बत्ती द्यायची दारू) नुसतीच फुरफुरली. बाहेरचा तट सर झाला, पण आतल्या उंच तटाला शिड्या तोकड्या पडल्या! नेमका तेव्हाच बाहेर राहणाऱ्या किल्लेदाराला आत घ्यायला दरवाजा उघडला आणि इंग्रज त्यातूनच घुसले. खालचा नासाऊ किल्ला बेल्जिकाच्या तोफांच्या थेट माऱ्यात, त्यामुळे त्यालाही शरण यावं लागलं.