मदत हवी आहे: एफआरपी थकली, अर्ज दिल्लीला करायचा की पुण्याला?

खोडवा_८६०३२
जिल्हा सांगली, हंगाम २०२५-२६. ऊस ४० टन, घालून १०४ दिवस झाले, बिल शून्य. एफआरपी (उसाचा रास्त आणि किफायतशीर दर) केंद्र ठरवतं, कारखाना राज्याच्या सहकार कायद्याखाली नोंदलेला, आणि साखर जप्त करायला जातात तहसीलदार. मग अर्ज नेमका कुणाच्या नावे करायचा? केंद्राच्या तक्रार पोर्टलवर टाकला तर तो राज्याकडे वर्ग झाला. व्याज मिळतं का, मिळत असेल तर किती?

पाणंद
पोर्टलवरून तो राज्याकडेच यायचा, यात टोलवाटोलवी नाही. दर ठरवायचा अधिकार केंद्राचा, वसुलीची यंत्रणा राज्याची. मुळात शेती, सहकारी संस्था आणि जमीन महसूल हे तिन्ही विषय राज्य सूचीतले. पण संसदेनं १९५१च्या उद्योग कायद्यानं साखर उद्योग आपल्या नियंत्रणात घेतला. अन्नपदार्थांचा व्यापार-पुरवठा समवर्ती सूचीत येतो, त्या आधारावर १९५५चा जीवनावश्यक वस्तू कायदा आणि त्याखाली १९६६चा ऊस नियंत्रण आदेश निघाला. एफआरपी या आदेशातून येते. आदेशात बिलाची मुदत १४ दिवस, त्यापुढे वर्षाला १५ टक्के व्याज, आणि थकबाकी जमीन महसुलाप्रमाणे वसूल करायची तरतूद आहे. दिल्लीकडे तलाठी-तहसीलदार नाहीत, म्हणून ही कामं राज्याच्या अधिकाऱ्यांना सोपवली आहेत.

अर्ज प्रादेशिक सहसंचालक (साखर), कोल्हापूर यांच्याकडे करा, प्रत साखर आयुक्त, पुणे यांना. सोबत काटापावत्या, ऊस नोंदीचा कागद, सातबारा आणि बँक पासबुकाची झेरॉक्स लावा. पोच घेतल्याशिवाय निघू नका. आयुक्त कारखान्याचं म्हणणं ऐकून आरआरसी (महसुली वसुलीचा दाखला) काढतात, ती कलेक्टरकडे जाते, तिथून तहसीलदार साखर, मळी, बगॅस जप्त करून विकतात.

सातबारा_उतारा
एक राहिलं. ऊस सांगलीचा पण कारखाना कराडकडचा असेल तर कोल्हापूरला अर्ज देऊन उपयोग नाही, सातारा जिल्हा पुणे विभागात आहे. कारखान्याचा पत्ता बघायचा, शेताचा नाही. कृष्णाकाठच्या गावांत ही चूक हटकून होते.

आता आकडेमोड. २०२५-२६ला १०.२५ टक्के साखर उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) एफआरपी क्विंटलला ३५५ रुपये, त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जादा. उतारा १२ टक्के असेल तर १७.५ गुणिले ३.४६ म्हणजे ६०.५५. एकूण ४१५.५५, टनाला ४,१५५.५०. यातून तोडणी-वाहतूक वजा होते. ती ९०० धरली (तुमच्या कारखान्याचा खरा आकडा घाला) तर हातात ३,२५५.५०. ४० टनांचे १,३०,२२०. पहिले १४ दिवस सोडून ९० दिवसांचं व्याज साधारण ४,८०० रुपये. अर्जात व्याज वेगळं मागा. नुसतं 'एफआरपी द्यावी' लिहिलं की मुद्दल देऊन फाईल बंद होते. सोसायटीचं कर्ज बिलातून वळतं झालं असेल तर ती रक्कम थकबाकीत धरू नका, नाहीतर सुनावणीत पहिला आक्षेप तोच येतो.

खोडवा_८६०३२
उतारा कोणता धरायचा, चालू की मागचा? आणि कारखाना म्हणतो दोन हप्त्यांत देणं कायदेशीर आहे.

पाणंद
मागच्या हंगामाचा. राज्यानं २१ फेब्रुवारी २०२२ला शासन निर्णय काढून दोन टप्प्यांची मुभा दिली होती, शेवटचा हिशेब हंगाम संपल्यावर चालू उताऱ्यावर. १७ मार्च २०२५ला मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द केला. केंद्राच्या आदेशानं १४ दिवस ठरवलेत, राज्याला शासन निर्णय काढून ते लांबवता येत नाहीत. अधिकार सोपवला म्हणजे नियम बदलायचा हक्क दिला असं होत नाही.

पण खरी मेख आदेशातच आहे. 'दोघांत लेखी करार वेगळा नसेल तर' १४ दिवस. ऊस नोंदीच्या फॉर्मवर बारीक अक्षरात हप्त्यांना संमती छापलेली असते, आपण न वाचता सही ठोकतो. आधी तो कागद काढून बघा. करार असेल तर दावा लंगडा होतो.

उसाचंवाढं
मग उत्तर प्रदेशात राज्य सरकार एफआरपीपेक्षा जास्त दर कसा लावतं? तिथं घटना वेगळी आहे का?

सातबारा_उतारा
घटना तीच. त्यांचा १९५३चा स्वतःचा ऊस कायदा आहे. केंद्राचा दर हा तळ, राज्याला त्यावर जाता येतं, खाली नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २००४ला सांगितलं. आपल्याकडे तसा राज्याचा दर नाही. २०१३च्या कायद्यानं ऊस नियंत्रण मंडळ आणि उत्पन्नाची ७०:३० वाटणी (७० शेतकऱ्याला, ३० कारखान्याला) आणली. त्या सूत्रानं एफआरपीपेक्षा जास्त निघालं तर फरक मिळतो, कमी निघालं तरी एफआरपी खाली येत नाही. दोन कारखान्यांतलं हवाई अंतरही असंच: केंद्राचं किमान १५ किलोमीटर, महाराष्ट्रात २५. वाढवता येतं, घटवता येत नाही.

खोडवा_८६०३२
आरआरसी निघाली तरी पैसे महिनोनमहिने येत नाहीत असं ऐकतो. अडतं कुठं?

पाणंद
बहुतेक वेळा गोदामात. साखर आधीच बँकेकडे माल तारण असते, बँक आपला हक्क पुढं करते आणि जप्तीत मोकळी साखर थोडीच सापडते. त्यात कारखान्यानं महिन्याला किती साखर विकायची हा कोटा केंद्राचा. म्हणून अर्जाबरोबर माहिती अधिकारही टाका. साखर आयुक्तालय राज्याचं, तेव्हा राज्याच्या नियमाप्रमाणे: एक विषय, १५० शब्दांच्या आत, फी १० रुपये. कारखान्याचे एफआरपीचे पाक्षिक अहवाल आणि आरआरसी कलेक्टरकडे गेल्याची तारीख मागा. ती तारीख हातात आली की तहसीलला 'पत्रच आलं नाही' म्हणता येत नाही.

खोडवा_८६०३२
नोंदीचा फॉर्म काढला. हप्त्यांचं कलम नाही, पण 'कारखान्याचे नियम मान्य' असं एक वाक्य आहे.

पाणंद
तेवढ्याला १४ दिवसांविरुद्धचा करार म्हणता येणार नाही असं माझं मत. फॉर्मची प्रत अर्जाला स्वतःहून जोडा आणि हे अर्जातच लिहा, सुनावणीची वाट बघू नका.