मल्टिक्लाउडला 'बहुमेघ' चालेल का?

पाटीपेन्सिल: एका सहकारी बँकेच्या संचालक मंडळापुढे जाणारं टिपण मराठीत करतोय. 'मल्टिक्लाउड'ला, म्हणजे एकाहून जास्त कंपन्यांचे भाड्याचे सर्व्हर वापरण्याला, मी 'बहुमेघ' लिहिलं, तर त्यांच्या आयटीवाल्यांनी खोडून 'संमिश्र क्लाउड' केलं. माझ्या मते संमिश्र म्हणजे हायब्रिड, म्हणजे काही सर्व्हर स्वतःच्या इमारतीत आणि काही भाड्याचे. इथे ईमेल मायक्रोसॉफ्टकडे, मोबाइल अ‍ॅप अ‍ॅमेझॉनकडे. स्वतःचं काहीच नाही. शब्द सुचवा.

आर्द्रा: बहुमेघ छान आहे की! केंद्र सरकारच्या क्लाउडचं नाव 'मेघराज'च आहे. जाता जाता, मेघ हा 'मिह्' धातूपासून. मधुमेहातला मेहसुद्धा त्याचाच.

खटपट्या: झालं, आता संचालकांची साखर तपासा. अहो, पुण्यात मायक्रोसॉफ्टचं डेटा सेंटर 2015पासून आहे, मुंबईत अ‍ॅमेझॉनचं 2016पासून, गूगलचं 2017पासून. या धंद्यातल्या एकाच्याही तोंडून मी मेघ ऐकलेला नाही. 'एकाहून जास्त क्लाउड' लिहा आणि मोकळे व्हा.

आर्द्रा: 'संगणक' तरी आधी कुणाच्या तोंडी होता?

खटपट्या: अजूनही नाही. लोक कॉम्प्युटरच म्हणतात.

रात्रपाळी: भांडा निवांत, पण आधी अर्थ पक्का करा. वेगवेगळी कामं वेगवेगळ्या कंपन्यांना देणं निराळं आणि एकच काम दोघींकडे तयार ठेवणं निराळं. दोन्हींना मल्टिक्लाउडच म्हणतात, आणि संचालकांना वाटतं की एक बंद पडली तर दुसरी सावरून घेईल. या बँकेत अ‍ॅमेझॉन बसलं तर ईमेल चालेल, अ‍ॅप नाही. ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं बघा. मे 2024मध्ये गूगलकडचं त्यांचं खासगी क्लाउडचं खातंच चुकून पुसलं गेलं, दोन ठिकाणी ठेवलेल्या प्रतींसकट. दुसऱ्या कंपनीकडे बॅकअप होते म्हणून निभावलं, तरी सभासदांना आठवडाभर लॉगिन करता येत नव्हतं.

पाटीपेन्सिल: टिपणात कारण दिलंय, 'एकाच पुरवठादारावर विसंबून राहू नये'. हे यातलं कुठलं?

रात्रपाळी: तिसरंच. उद्या कंपनी बदलता यावी, हे. रिझर्व्ह बँकेच्या 2023च्या आयटी आउटसोर्सिंगच्या निर्देशांतही बाहेर पडण्याची योजना मागितली होती. पण दोघांची बिलं भरली म्हणून बदलता येतं असं थोडंच आहे? डायनॅमोडीबी या अ‍ॅमेझॉनच्या डेटाबेसवर बेतलेलं अ‍ॅप गूगलकडे जसंच्या तसं नेता येत नाही, डेटाबेसशी बोलणारा भाग नव्याने लिहावा लागतो. माझं मत विचाराल तर शब्दच नको. कुठलं काम कुणाकडे आणि ते बंद पडल्यास काय, एवढं सरळ वाक्यांत लिहा.

मावळतीकर: थोडक्यात, दोन्ही डगरींवर पाय.

आर्द्रा: हात! डगरींवर हात ठेवतात.

मावळतीकर: आमच्याकडे पायच म्हणतात. डगर म्हणजे नदीचा उंच काठ. दोन काठांवर हात पसरून कोण उभं राहतं?

खटपट्या: आणि पाय पसरून?

पाटीपेन्सिल: मंडळी, टिपण शुक्रवारी द्यायचंय.

आर्द्रा: देऊ हो. मावळतीकर, तुमच्याकडे म्हणजे नेमकं कुठे? माझी आजी 'दरडींवर हात' म्हणायची, त्यामुळे पाय मागाहून घुसलाय अशी मला शंका आहे.

मावळतीकर: आणि मला दरडीचीच शंका आहे.